भार झेलला, झीज राहिली : एका अपघात अहवालाचं वाचन

पीएचडीच्या पहिल्या वर्षातले काही विद्यार्थी आपले संशोधनाचे आराखडे मला वाचायला पाठवतात. ॲक्चुएटरवर काम करणाऱ्यांच्या आराखड्यात एक वाक्य हमखास असतं: 'सदर घटकाची तीव्र डायनॅमिक भाराखाली चाचणी घेण्यात येईल.' वाक्य वजनदार आहे, पण त्यातून मला काहीच कळत नाही. भार किती? कोणत्या दिशेने? सेकंदाला किती वेळा बदलणार? वंगण असताना की नसताना? आणि सगळ्यात महत्त्वाचं, हा घटक शेवटी कशाने निकामी होईल असं तुम्हाला वाटतंय?

हा शेवटचा प्रश्न का विचारायचा, ते सांगण्यासाठी आज पेपरऐवजी एक अपघात अहवाल घेऊ. अलास्का एअरलाइन्सच्या फ्लाइट 261 चा. 31 जानेवारी 2000 रोजी मेक्सिकोतल्या पोर्तो वायार्ताहून सॅन फ्रान्सिस्कोमार्गे सिॲटलला निघालेलं हे एमडी-83 जातीचं विमान कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ, ॲनाकापा बेटाच्या उत्तरेला समुद्रात पडलं. विमानातले सगळे 88 जण गेले. अमेरिकेच्या राष्ट्रीय परिवहन सुरक्षा मंडळाने, म्हणजे एनटीएसबीने, डिसेंबर 2002 मध्ये अहवाल मंजूर केला. दोनशेच्या वर पानांचा हा अहवाल एका स्क्रू आणि नटाभोवती फिरतो. चाचणी म्हणजे काय हे शिकायचं असेल तर माझ्या मते कुठल्याही पाठ्यपुस्तकाआधी हा वाचावा. त्यात मला काही खटकलंही आहे, ते पुढे सांगते.

आधी यंत्र समजून घेऊ

गाडीचं चाक बदलताना आपण जॅकचा दांडा फिरवतो, स्क्रू फिरतो आणि गाडी वर उचलली जाते. विमानाच्या शेपटावरचा आडवा पंख असाच हलवला जातो. या पंखाचा कोन बदलला की विमानाचं नाक वर किंवा खाली राखता येतं. एमडी-80 मालिकेत हे काम एक जॅकस्क्रू करतो. कठीण पृष्ठभागाचा पोलादी ॲक्मे स्क्रू, म्हणजे रुंद, तिरप्या बाजूंच्या आट्यांचा स्क्रू, मोटरने फिरतो. त्याचं वरचं टोक आडव्या पंखाच्या पुढच्या कडेला जोडलेलं असतं. खाली तो ॲल्युमिनियम-ब्राँझच्या नटातून जातो आणि हा नट शेपटाच्या उभ्या भागाला बसवलेला असतो. स्क्रू फिरला की तो नटातून वर किंवा खाली सरकतो आणि पंखाची पुढची कड त्याच्याबरोबर जाते.

इथे बॉल स्क्रूसारख्या गोळ्या नाहीत. पोलाद थेट ब्राँझवर घासतं, मध्ये फक्त ग्रीसचा थर. ब्राँझ मऊ, म्हणून झीज नटाच्या आट्यांची होते. हे ठरवूनच केलेलं असतं: स्क्रू टिकवायचा, नट बदलायचा.

रचनेतलं गृहीतक

मूळ रचना डीसी-9 ची. तिला 1965 मध्ये प्रमाणपत्र मिळालं. तिथे विचार झालाच नव्हता असं नाही. स्क्रूवर आट्यांच्या दोन स्वतंत्र सर्पिल रांगा होत्या, एक तुटली तरी दुसरी भार घेईल म्हणून. शिवाय स्क्रूच्या पोकळीतून एक टॉर्क ट्यूब जात होती, म्हणजे स्क्रूच मोडला तरी पंख सुटू नये. कागदावर बघितलं तर दुहेरी-तिहेरी सुरक्षा.

आता तुम्ही परीक्षक आहात असं समजा आणि विचारा: ही दुसरी रांग पहिलीपासून खरंच स्वतंत्र आहे का? दोन्ही रांगा एकाच नटात, एकाच ग्रीसवर चालतात, तेवढंच अंतर घासतात. तडा गेला तर तो एका रांगेत जाईल आणि दुसरी वाचेल, हे पटतं. झीज मात्र दोन्हींना एकदमच खाते. अपघातात तेच झालं. नटाच्या आट्यांची साधारण 90 टक्के जाडी आधीच झिजून गेली होती आणि उरलेला पातळ भाग कातरला गेला. समुद्रातून काढलेल्या स्क्रूवर या आट्यांचे अवशेष तारेसारखे गुंडाळलेले सापडले. दोन्ही रांगांपैकी एकही उरली नव्हती.

एनटीएसबीचं म्हणणं असं, की प्रमाणपत्र देताना झिजेने आटे नाहीसे होणं ही निकामी होण्याची एक रीत म्हणून धरलीच नव्हती. नव्या आट्यांना उड्डाणाचा भार झेपतो का, या प्रश्नाचं उत्तर 'हो' होतं आणि ते बरोबरही होतं. आटे किती काळ नव्यासारखे राहतील हा वेगळा प्रश्न. तो रचनेकडून देखभालीकडे ढकलला गेला.

जास्त भार म्हणजे कडक चाचणी?

इथे थोडं थांबू, कारण आपल्यातले बरेच जण इथेच चुकतात. चाचणीचा वेळ वाचवायला आपण भार वाढवतो. बॉल स्क्रू किंवा बॉल बेअरिंग असेल तर त्याला आधार आहे: आयुष्य भाराच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात जातं, भार दुप्पट केला की आयुष्य एक अष्टमांश. ते गोळ्यांखालच्या पृष्ठभागाच्या फटीगचं गणित आहे.

घासून चालणाऱ्या ॲक्मे नटाला ते लावता येत नाही. तिथे पहिला अंदाज आर्चर्डच्या 1953 च्या नियमाने करतात: झिजून गेलेलं आकारमान हे भार गुणिले घासलेलं अंतर, भागिले मऊ बाजूचा कठीणपणा, आणि या सगळ्याला एक गुणांक. भार दुप्पट, झीज दुप्पट, दिसायला सोपं. पण सगळी मेख त्या गुणांकात आहे. ग्रीसचा थर शाबूत असताना आणि धातू धातूला लागल्यावर हा गुणांक कित्येक पटींनी वेगळा असतो. म्हणजे भार 50 टक्के वाढवून हजारो फेऱ्या केल्यात, पण चाचणीभर ग्रीस ताजं ठेवलंत, तर तुम्ही दीडपट झीज मोजाल आणि अहवालात 'तीव्र भाराखाली समाधानकारक' असं लिहाल. प्रत्यक्षात तो नट कमी भारावर, कोरडा पडून मरणार असतो.

याच्या उलटही होतं. फेऱ्या लवकर संपवायला वारंवारता वाढवली की घर्षणाने ग्रीस तापतं, पातळ होतं, बाहेर फेकलं जातं. मग तुम्ही असं काही मोजता जे वापरात कधी होणारच नाही. दोन्हीकडे आकडे खरे असतात आणि निष्कर्ष चुकतो. वेग वाढवलेली चाचणी तेव्हाच उपयोगी, जेव्हा झिजण्याची रीत बदललेली नसते. ती बदलली नाही हे तुम्ही दाखवायचं असतं. घासलेला पृष्ठभाग सूक्ष्मदर्शकाखाली बघून, झिजलेले कण तपासून.

ग्रीसचं अंतर आणि मोजमापाचं अंतर

अहवालातला सगळ्यात महत्त्वाचा भाग वेळेच्या अंतरांचा आहे. डीसी-9 साठी जॅकस्क्रूला दर 300 ते 350 उड्डाण-तासांनी ग्रीस द्यावं अशी मूळ शिफारस होती. अलास्का एअरलाइन्सने हे अंतर टप्प्याटप्प्याने वाढवलं. 1996 मध्ये ते आठ महिन्यांवर गेलं, तासांची मर्यादा उरलीच नाही. त्या विमानांच्या वापराप्रमाणे आठ महिने म्हणजे सुमारे 2,550 तास. नटाची झीज तपासण्याचं अंतर 30 महिन्यांवर गेलं, म्हणजे सुमारे 9,550 तास. हे वाढवलेलं अंतर नियामक एफएएने मान्य केलेलं होतं.

झीज तपासतात ती अशी: पंखाला एक फिक्स्चर लावायचं, ठरलेल्या टॉर्कने स्क्रू-नटावर आधी एका दिशेला आणि मग उलट दिशेला भार द्यायचा आणि मधली सैल हालचाल डायल इंडिकेटरवर वाचायची. आपल्या वर्कशॉपच्या भाषेत 'प्ले' बघायचा. परवानगी होती 0.003 ते 0.040 इंचांची, म्हणजे साधारण 0.08 ते 1.02 मिलिमीटर.

या विमानाची शेवटची तपासणी सप्टेंबर 1997 मध्ये झाली. पहिलं वाचन आलं 0.040 इंच, बरोब्बर वरच्या मर्यादेवर. भाग बदलावा अशी नोंदही झाली. नंतर पुन्हा मोजलं तेव्हा 0.033 आलं आणि विमान सेवेत गेलं. दोन वाचनांतला फरक 0.007 इंच, 0.18 मिलिमीटर. झेरॉक्सच्या दोन कागदांची जाडीसुद्धा याहून जास्त भरेल.

आता वही घ्या. झिजेचा अपेक्षित दर होता दर 1,000 तासांना 0.001 इंच. दुसरं वाचन अगदी खरं धरलं तरी पुढच्या तपासणीपर्यंत, 9,550 तासांत, त्यात 0.0095 ची भर पडणार. बेरीज 0.0425. मर्यादा ओलांडली! आणि हे सगळं वेळेवर ग्रीस मिळालं असतं तर. मर्यादा ओलांडणं म्हणजे लगेच तुटणं नव्हे, मध्ये बरीच जागा राखलेली असते, हे मान्य. पण कोरडं चालून झीज दहापट झाली असं धरलं, तर त्याच तासांत भर पडते 0.095 इंचांची. तपासणीचं अंतर ठरवताना सगळं नीट चाललं तर किती झीज होईल एवढंच बघितलं होतं. ग्रीस एकदा चुकलं तर पुढच्या तपासणीआधी ते कळेल का, हा प्रश्न सुटून गेला. तुमच्या प्रयोगात 'दर दहा हजार फेऱ्यांनी मोजमाप' असं लिहिताना याच जागी थांबा. दोन मोजमापांमध्ये तुमचा घटक सुरू होऊन संपू शकतो का?

चाचणीची चाचणी

अहवाल मला सर्वात जास्त आवडतो तो पुढच्या पायरीसाठी. दुसरं वाचन कोणी का मान्य केलं, एवढ्यावर तपास थांबला नाही. मोजण्याची ही पद्धत विश्वासार्ह आहे का, तेच तपासलं गेलं. या कंपनीने फिक्स्चर स्वतःच बनवलं होतं आणि ते उत्पादकाने दिलेल्या नकाशाबरहुकूम नव्हतं. पण त्याहून मोठी गोष्ट अशी निघाली, की विमानावर बसवलेल्या अवस्थेत प्ले मोजण्याची ही पद्धत कधी नीट पडताळलेलीच नव्हती आणि तिची विश्वासार्हता कमी होती. तीस-एक वर्षं ज्या आकड्यावर भाग ठेवायचा की बदलायचा हे ठरत होतं, त्या आकड्याला एररबारच नव्हता.

यावर मी गप्प बसू शकत नाही, कारण माझ्या रिगवर मी हेच करून बसले होते. छोट्या स्क्रू-नट जोडीचा प्ले मी दोन महिने मोजत होते. आकडे सुरेख वाढत होते, आलेख सरळ रेषेत. मग एका सेमिनारमध्ये कुणीतरी विचारलं, नटाच्या जागी ठोकळा लावून कधी मोजलंय का? लावला. घन पोलादाच्या ठोकळ्यालाही 'प्ले' निघाला. भार दिला की माझी ब्रॅकेट वाकत होती आणि बोल्ट हळूहळू ढिले पडत होते. दोन महिने मी स्वतःच्या ब्रॅकेटची झीज मोजली! माझं फक्त एक प्रकरण पुन्हा लिहावं लागलं. फिक्स्चर तेच, चूक तीच, किंमत मात्र वेगळी.

शेवटची मिनिटं, एक नको असलेली चाचणी

उड्डाणात पंख आधी अडकला. वैमानिकांनी तो मोटरने हलवायचा प्रयत्न केला तेव्हा स्क्रू नटातल्या उरल्यासुरल्या आट्यांतून सुटला आणि विमान सुमारे 31,000 फुटांवरून 23,000 ते 24,000 फुटांच्या दरम्यान येईपर्यंत कोसळलं. त्यांनी ते सावरलं. त्यानंतरची साधारण दहा मिनिटं आडवा पंख धरला होता तो स्क्रूच्या खालच्या टोकाच्या अडकणीने आणि आतल्या टॉर्क ट्यूबने. हा भार त्या नळीसाठी ठरवलेलाच नव्हता. ती आधी लो-सायकल फटीगने, म्हणजे मोठ्या भाराच्या थोड्याच फेऱ्यांत, चिरली आणि मग तुटली.

फटीगचं नाव घेतलं की आपल्या डोळ्यांसमोर लाखो फेऱ्यांचा एस-एन आलेख येतो. त्या आलेखाच्या डाव्या टोकाला कुणी जात नाही, कारण 'एवढा भार येणारच नाही'. फ्लाइट 261 मध्ये तो आला, कारण शेजारचा भाग आधीच गेला होता. राखीव भागाची चाचणी घ्यायची असेल तर मुख्य भाग निकामी झाल्यावर जो भार येतो त्या भाराने घ्यायला हवी, आणि तो भार स्थिर नसून हवेत हेलकावे खाणारा असतो.

मला काय खटकलं

वगळण्याच्या कामात अहवाल उत्कृष्ट आहे. कंपनीने मध्यंतरी ग्रीसचा प्रकार बदलला होता. मोबिलग्रीस 28 ऐवजी एअरोशेल 33. संशय घ्यायला हे सोपं होतं आणि वर्तमानपत्राला आवडलंही असतं. तपासाअंती तो बदल कारण नाही, दोन ग्रीस एकमेकांत मिसळणं हेही नाही, असा निष्कर्ष निघाला. मोहात पाडणारं उत्तर पुरावा बघून सोडून देणं आपल्याला जमतं का, हे स्वतःला विचारा.

पण दोन ठिकाणी मी अडते. एक, झिजेच्या चाचण्या प्रयोगशाळेतल्या नमुन्यांवर झाल्या. ग्रीसची तुलना करायला तेवढं पुरतं. खऱ्या जॅकस्क्रूवर मात्र भार सतत बदलतो, हालचाल छोटी-छोटी असते, ठरावीक आट्यांनाच जास्त घासावं लागतं आणि ग्रीस एकदा ढकललं गेलं की परत येत नाही. नमुन्यावरून पूर्ण जोडणीबद्दल किती बोलावं, याची मर्यादा अशा अहवालाने ठळकपणे सांगायला हवी. तपास यंत्रणा एका अपघाताचं उत्तर शोधत असते, हे मी समजू शकते; पण आपण तो अहवाल पुढे संदर्भ म्हणून वापरतो तेव्हा ही फट आपल्याकडे येते.

दोन, कारणांचा क्रम. संभाव्य कारणात आधी अपुरं ग्रीस येतं. वाढवलेली अंतरं आणि रचनेत फेल-सेफ सोय नसणं 'हातभार लावणारे घटक' म्हणून मागून येतात. मंडळाचे एक सदस्य जॉन गोग्लिया यांनी तर स्वतंत्र निवेदनात हा देखभालीचा अपघात आहे असंच म्हटलं. देखभाल वाईट होती याबद्दल दुमत नाही. पण एका माणसाने एकदा ग्रीस नीट दिलं नाही म्हणून पंख सुटतो, अशी रचना असेल तर माझ्या मते पहिलं नाव रचनेचं यायला हवं. ग्रीस चुकणार, हे गृहीत धरूनच चाचणी आखायची असते. अपघातानंतर एफएएने ग्रीसचं अंतर 650 तासांवर आणि प्ले तपासण्याचं 2,000 तासांवर आणलं. ते गरजेचं होतंच. तरी हा उपायही शेवटी माणसाच्या हातातल्या ग्रीसगनवरच विसंबतो.

तुमच्या आराखड्यात

आता पुन्हा त्या वाक्याकडे. 'तीव्र डायनॅमिक भाराखाली चाचणी' खोडा आणि त्या जागी चार गोष्टी साध्या मराठीत लिहा. हा घटक कोणकोणत्या रीतींनी निकामी होऊ शकतो, आणि त्यातली कुठली रीत ही चाचणी दाखवू शकणार नाही. वापरातला भार कुठून कळला, आणि तो वाढवल्यावर झिजण्याची रीत तीच राहते हे कसं दाखवणार. वंगण संपलेल्या अवस्थेतली निदान एक चाचणी. आणि घटकाच्या जागी ठोकळा लावून घेतलेलं रिगचं स्वतःचं वाचन, एररबारसकट.

यातली पहिली गोष्ट सगळ्यात अवघड आहे, कारण तिथे आपल्या प्रयोगाला काय दिसत नाही ते लिहावं लागतं आणि गाइडसमोर ते लिहायला जीव कचरतो. तरी लिहा. मी आता ते लिहिते. आणि आराखडा पाठवलात तर तुमच्याही आराखड्यात सगळ्यात आधी तेच शोधेन.